सेवेची साधने आणि त्यांचा पुरवठा

(संगणकीय लोकसेवांच्या रचनेविषयी अधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात अशी शंका आली असेल की, हा विषय आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञांचा. त्याच्याशी आमचा संबंध काय? ही शंका रास्त आहे आणि तिचे निरसन आरंभीच करणे उचित होईल. दाखले, उतारे, परवाने, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरपट्टीचा भरणा ही कामे पूर्वी कचेरीच्या खिडकीपाशी होत असत. आज त्यांपैकी पुष्कळशी कामे संगणकामार्फत होतात. खिडकीपलीकडे बसलेला कारकून आपल्याला दिसत असे. त्याच्यासमोर कोणते दप्तर उघडे आहे, दराचे परिपत्रक जुने आहे की नवे, हे त्याला विचारता येत असे. संगणकापलीकडची व्यवस्था मात्र आपल्या दृष्टीआड असते. ती नीट रचलेली नसेल, तर चूक कोठे झाली हे ना ग्रामस्थाला कळते, ना अधिकाऱ्याला.

ही व्यवस्था पारखण्यासाठी जे थोडे परंतु मूलभूत प्रश्न विचारता येतात, त्यांपैकी एकाचा विचार आज आपण करणार आहोत. तो प्रश्न असा: एखादी संगणकीय सेवा ज्या साधनांच्या आधारे चालते, ती साधने तिला कोण पुरवितो? या प्रश्नाचे जे उत्तर संगणकशास्त्रात रूढ झाले आहे, त्याला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' असे नाव आहे. शब्दशः भाषांतर करावयाचे तर 'अवलंबन-अंतःक्षेपण' असा काही तरी शब्द तयार होईल; परंतु तो कानाला जड आणि अर्थाला दूरचा वाटेल. म्हणून मी या व्याख्यानापुरता 'साधनपुरवठा' हा साधा शब्द योजणार आहे.

वेब सेवा आणि तिची चौकट

प्रथम वेब सेवा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एका संगणकाने जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडे ठरावीक स्वरूपात मागणी करावयाची आणि दुसऱ्याने ठरावीक स्वरूपात उत्तर द्यावयाचे, ही वेब सेवेची मूळ कल्पना होय. प्रत्येक वस्तूला एक पत्ता असावा आणि त्या पत्त्यावर थोड्याच परंतु ठाम अर्थाच्या क्रिया करता याव्यात, ही जी पद्धती आज सर्वत्र प्रचलित आहे, तिचे विवेचन रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेत २००० साली सादर केलेल्या आपल्या प्रबंधात केले. तिला 'रेस्ट' असे संक्षिप्त नाव आहे.

अशा सेवा लिहिताना काही कामे प्रत्येक वेळी सारखीच असतात. आलेली मागणी वाचावयाची, पत्ता तपासावयाचा, योग्य घटकाकडे ती सोपवावयाची आणि उत्तर बांधून परत पाठवावयाचे. ही कामे प्रत्येकाने नव्याने करू नयेत म्हणून आयत्या चौकटी तयार झाल्या. त्यांनाच 'फ्रेमवर्क' म्हणतात. जावा भाषेसाठी अशा चौकटींचा एक सामाईक नियमसंग्रह २००८ साली निश्चित झाला. त्याचे नाव 'जॅक्स-आरएस'. त्या नियमांचे प्रमाणभूत उदाहरण म्हणून जी चौकट सिद्ध झाली, तिचे नाव 'जर्सी'. ग्रामस्थ मंडळींना जर्सी म्हटल्यावर गाय आठवेल. परंतु ही जर्सी निराळी! आपल्या विवेचनासाठी मी हीच चौकट घेतो, कारण साधनपुरवठ्याचे सर्व गुण आणि त्यातील सर्व अडचणी तिच्यात स्पष्टपणे दिसून येतात.

सेवेने स्वतःच साधने जमविली तर

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आपल्या परिचयाच्या नमुना १ व १४ चा उतारा देणारी एक सेवा आहे असे समजा. शासनाची प्रत्यक्ष प्रणाली कशी रचली आहे याविषयीचे हे विधान नव्हे. विषय समजावा एवढ्यापुरताच हा दाखला आहे. या सेवेला निदान चार साधने लागतील. पहिले, जमिनीच्या अभिलेखांचे भांडार. दुसरे, उताऱ्याचे शुल्क ठरविणारा घटक. तिसरे, अर्जदाराच्या भ्रमणध्वनीवर संदेश पाठविणारा घटक. आणि चौथे, आपल्या सहसा ध्यानात न येणारे साधन, म्हणजे घड्याळ. कारण उताऱ्यावर दिनांक घालावयाचा असतो आणि मुदतही मोजावयाची असते.

नवशिका आज्ञावलीकार ही चारही साधने उतारा-सेवेच्या पोटातच निर्माण करतो. भांडाराचा पत्ता तेथेच लिहितो, शुल्काचा दर तेथेच घालतो, संदेश पाठविणाऱ्या कंपनीशी संधान तेथेच बांधतो. पहिल्या दिवशी सर्व काही सुरळीत चालते. अडचणी पुढे उद्भवतात.

भांडार नव्या यंत्रावर हलविले की सेवेची आज्ञावली उघडून दुरुस्त करावी लागते. सेवा तपासून पाहावयाची म्हटली, तर तपासणीच्या प्रत्येक फेरीत खऱ्या माणसांना खरे संदेश जातात. फेब्रुवारीच्या २९ तारखेस ही सेवा काय करील, हे पाहण्यासाठी २०२८ सालच्या फेब्रुवारीची वाट पाहावी लागते! आणि सर्वांत गंभीर अडचण अशी की, अशा वीस सेवांनी शुल्काचा दर आपापल्या पोटात लिहून ठेवला असेल आणि शासनाने दर बदलला, तर वीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. एकोणीस ठिकाणी ती झाली आणि एक जागा राहून गेली, तर एकाच कामासाठी दोन नागरिकांकडून दोन निरनिराळ्या रकमा घेतल्या जातील. यात कोणाचा लबाडीचा हेतू नसतो. परंतु ज्याच्याकडून अधिक पैसे घेतले गेले, त्याच्या दृष्टीने तो अन्यायच होय.

या सर्व अडचणींचे मूळ एकच आहे. ज्याचे काम उतारा देणे, त्याच्यावर साधने जमविण्याचेही काम पडले. दोन भिन्न जबाबदाऱ्या एकाच ठिकाणी मिसळल्या गेल्या.

उत्सवी नाटकाची रीत

यावरचा उपाय आपल्या गावांतील उत्सवी नाटकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. जत्रेच्या रात्री राजाची भूमिका करणारा नट मुकुट स्वतः घडवून आणीत नाही. ड्रेपरी बाहेरून येते. कोणाला काय द्यावयाचे हे व्यवस्थापक आपल्या यादीप्रमाणे ठरवितो आणि प्रवेशाच्या वेळी ते नटाच्या हाती ठेवतो. नटाला एवढेच ठाऊक असते की, आपल्या हाती तलवार येणार आहे. तालमीच्या वेळी तलवारीच्या जागी वेताची काठी दिली तरी त्याचे भाषण बदलत नाही, हालचाली बदलत नाहीत. पुढील वर्षी ड्रेपरीवाला बदलला तरी नाटकाची संहिता नव्याने लिहावी लागत नाही.

साधनपुरवठ्याचे तत्त्व याहून निराळे नाही. सेवेने आपल्याला कोणती साधने हवीत हे उघडपणे सांगावे. ती कोठून आणावयाची हे तिने ठरवू नये. ती बाहेरून, एका ठरलेल्या ठिकाणाहून तिच्या हाती दिली जावीत.

या विचारालाही इतिहास आहे. चौकटच घटकांना हाक मारते, घटक चौकटीला हाक मारीत नाहीत, ही नियंत्रणाची उलटापालट राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांनी १९८८ सालच्या आपल्या लेखात वर्णिली होती. पुढे साधने बाहेरून पुरविणाऱ्या अनेक आज्ञावली निघाल्या आणि प्रत्येक जण आपल्या पद्धतीला निराळ्या नावाने ओळखू लागला. तेव्हा मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मध्ये एक विस्तृत लेख लिहून 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नेमके नाव रूढ केले. त्याच वर्षी रॉड जॉन्सन यांच्या ग्रंथातून उगम पावलेल्या 'स्प्रिंग' या चौकटीची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००७ साली गूगल कंपनीतून 'ग्यूस' ही आटोपशीर प्रणाली बाहेर पडली. या दोन प्रतिस्पर्धी पंथांच्या प्रवर्तकांनी, म्हणजे रॉड जॉन्सन आणि बॉब ली यांनी, एकत्र येऊन २००९ साली जावा भाषेसाठी समान खुणांचा एक छोटा संच मान्य करून घेतला. त्यात अवघ्या पाच खुणा आणि एक करार एवढेच आहे. स्पर्धा करणाऱ्यांनी समान परिभाषेवर एकमत करावे, हे तंत्रज्ञानाच्या जगात वारंवार घडत नाही. म्हणून या घटनेचा मुद्दाम उल्लेख केला.

चौकटीत हा पुरवठा कसा होतो

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. वेब सेवेच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची आहे. साध्या आज्ञावलीत उतारा-सेवेचा घटक आपण स्वतः निर्माण करतो, तेव्हा त्याच्या हाती साधने आपणच देऊ शकतो. परंतु वेब चौकटीत तो घटक आपण निर्माण करीत नाही. चौकट निर्माण करते. जॅक्स-आरएसच्या नियमाप्रमाणे, आपण निराळे काही सांगितले नाही तर, प्रत्येक मागणीसाठी सेवेचा एक नवा घटक जन्माला येतो आणि उत्तर देऊन झाल्यावर तो टाकून दिला जातो. अर्थात त्याच्या जन्माच्या वेळी आपण तेथे हजर नसतो. म्हणून कोणती साधने द्यावयाची, याची सूचना चौकटीला आधीच देऊन ठेवावी लागते.

जर्सीच्या दुसऱ्या आवृत्तीत, जी २०१३ साली आली, हे काम 'एचके-टू' नावाच्या पुरवठाकार घटकाकडे सोपविलेले आहे. त्याची रीत चार पायऱ्यांत सांगता येईल.

पहिली पायरी कराराची. शुल्क ठरविणाऱ्या घटकाने काय करावयाचे एवढेच करारात लिहावयाचे: उताऱ्याचा प्रकार सांगितला असता शुल्काची रक्कम सांगावी. ती कशी काढावयाची याविषयी करार मौन पाळतो.

दुसरी पायरी करार पाळणाऱ्या घटकाची. प्रत्यक्ष दरपत्रक वाचून रक्कम सांगणारा एक घटक लिहावयाचा. तपासणीसाठी नेहमी ठरावीक रक्कम सांगणारा दुसरा घटकही लिहिता येतो. दोघेही त्याच कराराने बांधलेले असतात.

तिसरी पायरी मागणी नोंदविण्याची. घटक जन्मतो त्या वेळी चालणाऱ्या भागास 'कन्स्ट्रक्टर' म्हणतात. उतारा-सेवेच्या कन्स्ट्रक्टरमध्ये चारही करारांची नावे लिहावयाची आणि वर 'इन्जेक्ट' ही खूण करावयाची. 'मला ही चार साधने दिल्याशिवाय माझा जन्म होऊ नये' असा त्या खुणेचा अर्थ होतो.

चौथी पायरी नोंदवहीची. हिला 'बाइंडर' म्हणतात. 'अमुक घटक तमुक कराराला बांधला आहे' अशी एकेक ओळ तीत असते आणि ती नोंदवही चौकटीच्या मांडणीत दाखल करावयाची असते. संपूर्ण प्रणालीत कोणते साधन कोणाकडून येते, हे या एका ठिकाणी वाचावयास मिळते. दर ठरविणारा घटक बदलावयाचा झाल्यास एकच ओळ बदलावी लागते. मघाशी वीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागत होती, हे येथे आठवावे.

शिक्षक बंधूंनी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एक अशी की, खूण केली म्हणजे पुरवठा झाला असे नाही. नोंदवहीत ओळ नसेल तर चौकट घटक आणणार कोठून? काही अन्य चौकटी घटक आपोआप शोधून काढतात. त्यामुळे त्या सवयीने येणारे विद्यार्थी जर्सीपाशी हमखास अडतात. दुसरी अशी की, एखादा घटक आपणच हाताने निर्माण केला, तर त्याच्यावर कितीही खुणा असल्या तरी चौकट त्याला साधने देत नाही. पुरवठा हवा असेल तर जन्मही चौकटीच्याच हाती सोपविला पाहिजे.

साधनाचे आयुष्य

आता मी या विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे येतो. अधिकारीवर्गाने येथे विशेष लक्ष द्यावे, कारण नागरिकाच्या गोपनीयतेचा प्रश्न येथेच उभा राहतो.

कोणते साधन द्यावयाचे, हे ठरले तरी ते किती काळ जिवंत ठेवावयाचे, हा प्रश्न उरतोच. नाटकातील पेटी रात्रभर सर्वांना मिळून एकच असते. फुलांचा हार मात्र ज्या प्रवेशात लागतो त्या प्रवेशापुरता असतो. साधनांचेही तसेच आहे. काही साधने संपूर्ण प्रणालीत सर्वांना सामाईक असतात. त्यांना 'सिंगलटन' म्हणतात. काही एका मागणीपुरती असतात. मागणी संपली की त्यांचे आयुष्य संपते. काही मागावे तितक्या वेळा नवीनच मिळतात. एचके-टूच्या नोंदवहीत आयुष्याविषयी काही लिहिले नाही, तर हा तिसरा प्रकार गृहीत धरला जातो.

दरपत्रक वाचणारा घटक सामाईक असण्यास हरकत नाही, कारण दर सर्वांना सारखाच. परंतु 'आता मागणी करणारा अर्जदार कोण' ही माहिती एका मागणीपुरतीच असली पाहिजे. समजा, एखाद्या सामाईक घटकाने अर्जदाराची ओळख आपल्यापाशीच ठेवून घेतली. सकाळी प्रथम आलेल्या अर्जदाराचे नाव त्याच्यात बसले. नंतर दुसरा अर्जदार आला. घटक तोच, त्याच्या पोटातले नाव मात्र पहिल्याचे. मग दुसऱ्याच्या पावतीवर पहिल्याचे नाव उमटेल. कदाचित पहिल्याच्या जमिनीचा तपशील दुसऱ्याच्या हाती पडेल. ज्या गावात भाऊबंदकीचा एखादा तंटा मामलेदार कचेरीत चालू आहे, तेथे अशा एका चुकीचे पर्यवसान कशात होईल, हे मी आपणांस सांगावयास नको.

या चुकीचा दुष्टपणा असा की, ती साध्या तपासणीत सापडत नाही. तपासणारा मनुष्य एकच असतो आणि तो स्वतःचेच नाव पुनःपुन्हा पाहतो. अनेक माणसे एकाच वेळी सेवा वापरू लागली की मग ती प्रकट होते, आणि तीही कधी होते, कधी होत नाही.

दीर्घायुषी घटकाने अल्पायुषी साधनाला आपल्यापाशी अडकवून ठेवण्याच्या या दोषाला मार्क सीमन यांनी २०१४ साली 'कॅप्टिव्ह डिपेंडन्सी', म्हणजे बंदिवान साधन, असे समर्पक नाव दिले. त्यावरचे उपाय ज्ञात आहेत. अर्जदाराची ओळख घटकात साठवू नये, प्रत्येक कामाच्या वेळी ती त्याच्या हाती द्यावी, हा सर्वांत सरळ उपाय. दुसरा उपाय प्रतिनिधीचा: सामाईक घटकाला खरे साधन न देता एक प्रतिनिधी द्यावा आणि त्या प्रतिनिधीने दर वेळी चालू मागणीचे साधन शोधून त्याच्याकडे काम सोपवावे. जर्सीत अशा प्रतिनिधीची सोय आहे. मात्र आपण स्वतः पुरविलेल्या साधनासाठी तो हवा असेल, तर नोंदवहीत तसे लिहावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या 'एएसपी डॉट नेट कोअर' या चौकटीत, प्रणाली तयार होत असतानाच, अशी चुकीची जोडणी आढळल्यास काम थांबवून इशारा देण्याची व्यवस्था आहे. परंतु यंत्राने इशारा दिला तरी निर्णय माणसानेच घ्यावयाचा असतो. कोणती माहिती कोणाची आणि किती काळाची, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच आयुष्य ठरविले पाहिजे. आणि हे ज्ञान पुष्कळदा आज्ञावलीकाराकडे नसते, ते खात्याच्या अधिकाऱ्याकडे असते.

तपासणीची सोय

साधने बाहेरून येतात, तेव्हा तपासणीसाठी निराळी साधने देता येतात. संदेश पाठविणाऱ्या खऱ्या घटकाऐवजी, पाठवावयाचा मजकूर केवळ लिहून ठेवणारा घटक द्यावा. म्हणजे एकाही नागरिकाला त्रास न होता संदेश बरोबर तयार झाला की नाही ते पाहता येते. भांडाराच्या जागी दहा-बारा काल्पनिक नोंदींचे छोटे भांडार द्यावे. म्हणजे खऱ्या अभिलेखांना हात लागत नाही.

घड्याळाचे उदाहरण यात सर्वांत बोधप्रद आहे. जावा भाषेच्या २०१४ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत घड्याळ हाच एक स्वतंत्र घटक करण्यात आला आणि ज्याला वेळ हवी त्याच्या हाती घड्याळ द्यावे, असा सल्ला त्या आवृत्तीच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे. घड्याळ बाहेरून येत असेल, तर तपासणारा त्यात ३१ मार्चची रात्र लावू शकतो, १ एप्रिलची पहाट लावू शकतो, फेब्रुवारीची २९ तारीखही लावू शकतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी केलेला अर्ज मुदतीत धरला जातो की नाही, याचा निकाल अर्ज आल्यावर नव्हे, त्याच्या कितीतरी महिने आधी लावता येतो. लांबून, एसटीने, दिवस मोडून येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

कोणतीही रीत सर्वगुणसंपन्न नसते. साधनपुरवठ्याच्याही मर्यादा आहेत.

ज्या आज्ञावलीला एकच काम करावयाचे आहे, तिच्यासाठी करार, नोंदवही आणि पुरवठाकार असा सरंजाम उभारणे म्हणजे घरगुती आरतीसाठी मंडप घालण्यासारखे होईल. जेथे साधन बदलण्याचा संभव आहे, जेथे तपासणीत पर्यायी साधन लागणार आहे, तेथेच या रीतीचे मोल आहे.

एखाद्या सेवेच्या कन्स्ट्रक्टरमध्ये बारा-पंधरा साधनांची यादी दिसू लागली, तर दोष यादीचा नाही. त्या सेवेवर अनेक सेवांचा भार पडला आहे, याची ती खूण समजावी. साधने आपापल्या कोपऱ्यात लपलेली असती, तर हा भार कोणाच्या लक्षातही आला नसता. साधने कन्स्ट्रक्टरमधूनच मागावीत, आतील रिकाम्या जागांत परस्पर भरून घेऊ नयेत, असा जो आग्रह धरला जातो, त्याचे एक कारण हेच आहे.

काही जण साधने मागण्याऐवजी सर्व साधनांचे कोठारच घटकाच्या हाती देतात आणि 'लागेल ते घे' म्हणतात. फाउलर यांनी आपल्या लेखात या दोन रीतींची तुलना केली आहे. कोठाराची रीत वरकरणी सोयीची वाटते; परंतु घटकाला नेमके काय लागते हे मग बाहेरून समजत नाही, ते त्याचे पोट उघडूनच पाहावे लागते.

आणखी एक व्यावहारिक सूचना. जावाच्या या मानकांचा कारभार ओरॅकल कंपनीकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यानंतर २०२० साली त्यांतील नावांचा आरंभ 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता' असा करण्यात आला. जर्सीची तिसरी आवृत्ती नवीन नावेच ओळखते. जुन्या पुस्तकातील उदाहरण जसेच्या तसे उतरवून घेतले, तर खूण दिसावयास तीच, परंतु चौकटीला ती परकी. आणि साधनाची जागा रिकामीच राहते. विद्यार्थ्याचे तर्क बरोबर असूनही उत्तर येत नाही, तेव्हा शिक्षकांनी प्रथम हे नाव पाहावे.

आपण काय विचारावे

समारोपाकडे वळताना, आपल्यापैकी प्रत्येकाला या विषयातून हाती काय घेऊन जाता येईल, ते सांगतो.

अधिकाऱ्यांनी नवीन प्रणाली ताब्यात घेताना कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारावेत. या सेवा कोणकोणत्या साधनांवर अवलंबून आहेत, त्याची यादी एका ठिकाणी दाखविता येईल काय? दर, मुदत किंवा संदेश पाठविणारी कंपनी बदलल्यास किती ठिकाणी हात लावावा लागेल? आणि अर्जदाराची माहिती धारण करणारे साधन एका मागणीपुरतेच जगते, याची तपासणी अनेक माणसांनी एकाच वेळी सेवा वापरून केली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे समजण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. उत्तर देणारा अडखळला, तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

शिक्षकांनी हा विषय खुणांच्या पाठांतरापासून आरंभू नये. प्रथम विद्यार्थ्यांकडून एक लहानशी सेवा तिच्या साधनांसह एकत्र लिहवून घ्यावी, मग त्यातील घड्याळ बदलावयास सांगावे. अडचण अनुभवाला आली म्हणजे उपायाचे मोल आपोआप कळते. चौकटीची नावे काळाबरोबर बदलतील. जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व बदलणार नाही.

ग्रामस्थ बंधूंना माझे सांगणे इतकेच की, 'संगणकाने असे दाखविले' हे उत्तर अंतिम मानू नका. संगणक स्वतःहून काहीही ठरवीत नाही. त्याच्या हाती कोणी तरी दर दिलेला असतो, कोणी तरी दिनांक दिलेला असतो, कोणी तरी दप्तर दिलेले असते. आपल्या उताऱ्यात वा पावतीत चूक आढळली, तर हे कोठून आले, असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. सुरचित प्रणालीत त्या प्रश्नाचे उत्तर एका नोंदवहीत सापडते. कुरचित प्रणालीत ते कोणालाच सापडत नाही. या दोहोंतील अंतर यंत्राच्या किमतीवर अवलंबून नसते. रचना करणाऱ्याने साधने उघडपणे मागितली की लपवून ठेवली, यावर ते अवलंबून असते.